डोळ्याचं जनुक म्हणे!

परवा एका लग्नाच्या पंगतीत पुतण्याचा विषय निघाला. त्याच्या डोळ्यात बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जन्मापासून जवळजवळ नाही. कारण पॅक्स-६ या जनुकातला बदल. आमचे एक काका श्रीखंड वाढून घेता घेता म्हणाले, "डोळ्याचं जनुकच खराब. आईकडून आलं, दुसरं काय!" वहिनी ताटावरून उठली.

काका, चूक एक नाही, दोन आहेत.

पहिली, 'डोळ्याचं जनुक' हीच. पेपरवाल्यांनी रूढ केलेला शब्द. माकुलाचा गर्भ बघा. 1997 साली छापून आलेल्या संशोधनात दिसलं, की त्यात पॅक्स-६ डोळ्यात चालू असतं, तसंच मेंदूत, वास घेणाऱ्या अवयवात आणि चक्क बाहूंतही! मग याला 'बाहूचं जनुक' का नाही म्हणत? त्याच संशोधनात माकुलाचं हे जनुक फळमाशीत चालवलं, तर भलत्या जागी डोळे उगवले. पण कुणाचे? माशीचेच! म्हणजे जनुक फक्त 'सुरू करा' म्हणतं. काय बनवायचं ते त्या पेशी, तिथली इतर जनुकं आणि वेळ ठरवतात. सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाला तर आपल्यासारखे डोळेच नाहीत. पॅक्स-६ मात्र आहे, आणि ते त्याच्या नळीसारख्या पायांत चालू असतं, जिथे प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात.

मान्य, या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर उंदराला डोळे येतच नाहीत. महत्त्वाचं आहेच ते. पण मीठ नसेल तर आमटी बिघडते, म्हणून आमटीला कुणी 'मिठाचा पदार्थ' म्हणत नाही.

दुसरी चूक जास्त वाईट. हा बदल कधी आईकडून येतो, कधी वडिलांकडून, आणि कधी दोघांत नसताना मुलात नव्यानेच होतो. दादा-वहिनी दोघांच्या तपासण्या झाल्या. दोघांतही तो सापडला नाही. पण इतकी वर्षं हे विचारायला कुणाला वेळ होता? दोष द्यायला सून आयती होती ना!

विज्ञानाचा एक शब्द उचलायचा आणि जुन्याच संशयाला नवा सदरा घालायचा, हे आपल्याकडे फार चालतं.

असो. काका, हे वाचत असाल तर मला उत्तर देऊ नका. वहिनीला फोन करा.