फाईल उडाली? आधी हात थांबवा!

मंठ्याच्या मोंढ्यातली आडत असो नाहीतर कृषी सेवा केंद्र, आता बराचसा हिशोब कॉम्प्युटरमध्येच असतो. चुकून फाईल डिलीट झाली, की आपण घाईघाईने रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच ड्राईव्हवर टाकतो. माझं स्पष्ट मत आहे, की फाईल कायमची जाते ती बरेचदा या घाईनेच.

कारण साध्या हार्ड डिस्कवर डिलीट केलेली फाईल लगेच पुसली जात नाही. विंडोज फक्त ती जागा मोकळी धरतं. तिथे नवीन काही बसलं, की जुनं गेलं! म्हणून आधी रिसायकल बिन बघा. शिफ्ट-डिलीट केलं असेल किंवा पेनड्राईव्हवरून उडवली असेल, तर फाईल तिथे नसते. मग त्या ड्राईव्हवरचं काम थांबवा. सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राईव्हवरून चालवा आणि सापडलेली फाईलही दुसरीकडेच सेव्ह करा. एसएसडी असेल तर आशा कमी. 'ट्रिम'मुळे ती मोकळी जागा स्वतःच साफ करते.

पण खरं सांगू? रिकव्हरी नशिबाचा भाग आहे, त्या भरवशावर धंदा करू नका. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. शेतकऱ्याची उचल-बाकी तर त्याच्या विश्वासाची गोष्ट आहे. तिथे 'फाईल उडाली' म्हणून भागत नाही. गल्ला मोजल्याशिवाय आपण शटर ओढत नाही ना? मग रोज त्याच वेळी एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि डिस्क घरी न्या. आजपासूनच सुरू करा.