हमानच्या कानात खसखसच हवी

पुरिम या ज्यू सणाला अजून तीन आठवडे आहेत, पण इस्रायलमधल्या अश्दोदच्या बेकऱ्यांत ‘ओझने हमान’ आत्ताच मांडले गेलेत. पुरिमच्या कथेतल्या खलनायकाचे, हमानचे कान, म्हणजे सारण भरलेली तिकोनी बिस्किटं. चॉकलेटची, खजुराची, कॅरमेलची. खसखशीची अगदी कोपऱ्यातल्या ताटात. गेल्या वर्षी मी तीच आणली होती. फोडून पाहिलं तर सारणात रवाच रवा, खसखस नावाला आणि तीही खवट. मुलांनी एकेक घास खाऊन बाजूला ठेवली. त्यांना खसखस आवडत नाही, असं कसं म्हणू? त्यांनी ती चाखलीच कुठे?

मी मूळची अलिबागकडची, बेने इस्राएल ज्यू. आमच्यात पुरिमला होळीचा सण म्हणतात. घरी त्या दिवशी पुरणपोळी व्हायची. हमानचे कान ही पूर्व आणि मध्य युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंची रीत. १९७८ साली इथे आले, तेव्हा शेजारच्या हंगेरियन आजींनी ती मला शिकवली.

त्यांची खसखस आपल्यासारखी पांढरी नव्हे, निळसर काळी. पहिल्या वर्षी मी ती मिक्सरमध्ये घालायला निघाले, तर आजींनी माझा हात धरला. दाणा कापायचा नाही, चिरडायचा, तरच तेल सुटतं. टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं लोखंडी यंत्र त्यांनी काढलं. मूठ फिरवली की खालून ओल्या मातीसारखी मऊ, काळी खसखस पडायची. मग दूध, मध, मनुका, लिंबाची किसलेली साल. मंद आचेवर ढवळत राहायचं. झालं का, असं विचारलं, तर त्यांनी त्यात चमचा उभा करून दाखवला. पुरण शिजलं की आई उलथनं असंच उभं करायची.

या बिस्किटांच्या यिद्दिश नावातच, हमानताशमध्ये, खसखस आहे, हेही आजींनीच सांगितलं. यिद्दिशमध्ये खसखस म्हणजे मोन, ताश म्हणजे खिसा. मोनताशचं हमानताश झालं, असं बरेच जण मानतात. पुरिमच्या कथेतली एस्तेर राणी अहश्वेरोश राजाच्या राजवाड्यात बियाच खाऊन राहिली, असं तालमूदमधलं एक मत आहे. खसखशीचा संबंध तिच्याशीही जोडतात. शिवाय पुरिम येतो हिवाळा सरताना. युरोपातल्या त्या थंड मुलुखात तेव्हा ताजं फळ कुठलं? कोठीतली खसखस आणि मध हाच गोडवा. तीच शब्बाथच्या ‘हल्ला’ नावाच्या पावावर भुरभुरायची, हंगेरीच्या फ्लोदनीत सफरचंद-अक्रोडाच्या थरांशेजारी बसायची, पोलंडमधल्या बियालिस्तोकच्या कांदा घातलेल्या रोटीवरही पडायची.

बियालिस्तोकच्या त्या भट्ट्या आज नाहीत. भट्टीवाल्यांना नाझींनी मारलं. हंगेरीतून १९४४च्या उन्हाळ्यात अवघ्या आठ आठवड्यांत ४ लाखांहून अधिक ज्यू आउशवित्झला नेले गेले. आजींच्या आईची पाककृतींची वही त्यातच हरवली. आजींना सगळं हातानेच आठवत होतं. म्हणून रव्याच्या सारणावर ‘खसखस’ अशी पाटी पाहिली की मला राग येतो.

चॉकलेटशी माझं भांडण नाही. आलुबुखाराच्या मुरंब्याचे हमानताशही जुनेच आहेत. माझं मागणं दोनच गोष्टींचं. बेकरीवाल्यांनी सारणात खरोखर काय आहे ते पाटीवर लिहावं. आणि दळलेली खसखस लवकर खवट होते, म्हणून ती त्याच दिवशी दळून वापरावी. खवट खसखस चाखलेलं मूल पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. अशीच एक चव एका पिढीत संपते.

आजी गेल्या तेव्हा त्यांच्या मुलीने ते यंत्र मला दिलं. पुरिमच्या आदल्या दिवशी ते आमच्या ओट्याला लावलेलं असेल. आमच्या इमारतीत ज्यांना खसखस दळून हवी, त्यांनी डबा घेऊन यावं. सोबत नातवंडांना आणावं, मूठ त्यांनीच फिरवायची.