रिजनचं कौतुक ठीक आहे, पण ब्रेक?

आपल्या मांजर्लीत आता बऱ्याच बिल्डिंगखाली इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावलेल्या दिसतात. चांगलंच आहे. पण विकताना एक वाक्य सर्रास ऐकवलं जातं, "साहेब, रिजन आहे, ब्रेक लावायची गरजच नाही." माझा आक्षेप या वाक्याला आहे.

रिजन बदलापूरकरांना नवीन नाही. 2007 पासून मुंबईत आलेल्या सीमेन्स लोकल थांबायला लागल्या की त्यांची मोटारच जनरेटर होते आणि वीज ओव्हरहेड वायरमध्ये परत जाते. ती घ्यायला मागेपुढे दुसरी लोकल असते. स्कूटरला मात्र वीज ठेवायला जागा एकच, स्वतःची बॅटरी. ती फुल असली तर वीज जाणार कुठे? मग कंट्रोलर रिजन कमी करतो, नाहीतर बंदच. म्हणजे रात्रभर चार्ज करून सकाळी पुलाचा उतार उतरताना, काल संध्याकाळी थ्रॉटल सोडताच अडणारी गाडी आज मोकळी पळते. माथेरानला वर चार्ज करून दस्तुरीवरून नेरळला उतरणाऱ्याचं काय होईल, विचार करा. गिअर नाही, इंजिनचा अडसर नाही आणि उतार संपता संपत नाही.

दुसरं, मोटार बहुतेक मागच्या चाकाला. जोरात थांबताना वजन पुढे येतं, खरं काम पुढचा ब्रेक करतो. पावसात मागचं चाक घसरायला वेळ लागत नाही.

आणि रेंज वाढते म्हणतात, त्याचाही हिशोब करू. माणसासह 180 किलोची गाडी ताशी 40 वरून थांबली, तर सगळी ऊर्जा मिळून जेमतेम 3 वॅट-अवर. सगळी परत आली (येत नाहीच) तरी शंभरेक मीटर! शहरात थोडा फायदा होतो, नाही असं नाही. पण त्यासाठी ब्रेककडे दुर्लक्ष?

माझं म्हणणं एवढंच, की विक्रेत्याने गाडी देताना फुल बॅटरीवर उतारावर एक चक्कर ग्राहकाला मारायला लावावी. आरटीओने लर्निंगच्या परीक्षेत यावर एक प्रश्न घालावा. खर्च शून्य. आणि सर्व्हिसिंगला गेलात की ब्रेक लायनर दाखवायला सांगा, "रिजन आहे, झिजत नाहीत" ऐकून परत येऊ नका.

तुम्हाला गाडी घेताना हे कुणी सांगितलं होतं का? कमेंटमध्ये मॉडेलसकट लिहा.