होडी घेताना रुंदी आधी पाहावी

हतनूर, वाघूर, अक्कलपाडा अशा जलाशयांसाठी होडी घेताना मच्छीमार बहुधा किंमत व लांबी पाहतो. रुंदी व वजन यांचा विचार मागे पडतो. हे इष्ट नव्हे. लांबी तीच ठेवून पाण्याच्या पातळीवरील रुंदी सव्वापट केली, तर होडीचा कलण्यास होणारा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. कारण तो साधारणतः रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. भरलेले जाळे एका कडेने ओढून घेताना होडी उलटू न देणारा तो हाच विरोध होय. रुंद होडी वल्हविण्यास अधिक श्रम पडतात हे खरे, ते सोसावेत.

वजनाचे गणित निराळे आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरून काठापुढे गाळाचा पट्टा उघडा पडतो. हतनूरला तर गाळ पुष्कळच. दोघांना न उचलणारी होडी तेथे चिखलात अडकून पडते. उलट, अतिशय हलकी होडी वैशाखातील वाऱ्याने भरकटते. थर्मोकोलच्या तराफ्यास होडी समजणे तर सर्वस्वी धोक्याचे. मच्छीमार संस्थेच्या खरेदीच्या वेळी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने काठालगतच्या उथळ पाण्यात दोन माणसे व ओले जाळे होडीत चढवावे, दोघांनाही एकाच कडेला बसवून पाहावे आणि मगच पैसे चुकते करू द्यावेत.