तळ्याचें घर

गेल्या पंधरवड्यांत एके सायंकाळीं आमची नात ओसरीवर परीक्षेची तयारी करीत बसली होती. "सजीव व निर्जीव घटक आणि त्यांच्यांतील आंतरक्रिया यांची मिळून परिसंस्था बनते," हें वाक्य तिनें सातआठ वेळां घोकलें. आम्हीं सहज विचारलें, "बाळ, ही परिसंस्था तूं कोठें पाहिली आहेस काय?" ती म्हणाली, "आजोबा, ती पुस्तकांत असते." घरांतील मंडळी हंसली. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. कारण पस्तीस वर्षें आम्हीं याच रीतीनें शिकविलें, आणि त्याचें एक फळही पाहिलें आहे. तें पुढें सांगूं.

प्रथम शब्दांविषयीं. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेल यानें १८६६ सालीं या शास्त्राचें नामकरण केलें, तेव्हां 'ओइकोस्' म्हणजे घर हा ग्रीक शब्द त्यानें घेतला. आमच्या संस्कृतांतील 'वेश' म्हणजे निवासस्थान, हा त्याचाच सगोत्र. मराठींत या शास्त्रास परिस्थितिकी म्हणतात. शब्द जड आहे, आणि रोजच्या 'परिस्थिति'शीं त्याचा घोटाळा होतो, हें आम्हांस कबूल आहे. परिसंस्था हा शब्द त्यामानानें चांगला. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ टॅन्स्ले यानें १९३५ सालीं मांडलेली ही कल्पना: एका ठिकाणचे जीव आणि तेथील माती, पाणी, हवा, ऊन हें सारें मिळून एकच संसार. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस याहून अधिक खुलासा नको.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातीला घेऊन आम्ही गांवामागच्या तलावाच्या पाळीवर गेलों. आमचा भंडारा जिल्हा तलावांचा. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी लोकांनीं जमिनीचा उतार पाहून पाळी घातल्या व धानाला पाणी दिलें. १९५१ सालीं मालगुजारी गेली, तरी या तलावांस अद्याप माजी मालगुजारी तलाव असेंच म्हणतात. येथें पुस्तकांतील एकेक शब्द बोटानें दाखवितां येतो. पाणी, गाळ, ऊन हे अजैविक घटक. उन्हाच्या साह्यानें आपलें अन्न आपण तयार करणारीं शेवाळें, कमळ, शिंगाडा, पाण्याखालचीं गवतें हे उत्पादक. त्यांवर जगणाऱ्या गोगलगाई व अळ्या, अळ्या खाणारी बारीक मासोळी, मासोळी गिळणारा मरळ मासा आणि बुडी मारून मासे धरणारा पाणकावळा हे भक्षक. ही झाली अन्नसाखळी. पण साखळी हा शब्द थोडा फसवा आहे. सारस पक्षी घ्या: तो कंद उकरतो, धान टिपतो, किडे आणि बेडूकही खातो. त्याला कोणत्या कडींत अडकवावें? अशा अनेक साखळ्या एकमेकींत गुंतून जें बनतें तें अन्नजाळें. आणि जाळें म्हटलें कीं आमच्या ढीवर बंधूंस तें समजावून सांगावें लागत नाहीं.

आतां थोडें गणित. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांतल्या एका लहानशा तळ्याचा लिंडेमन नांवाच्या तरुणानें कित्येक वर्षें अभ्यास केला. एका जीवानें दुसऱ्यास खाल्लें म्हणजे शक्तीचा बहुतेक भाग खर्चीं पडतो आणि सुमारें दशांशच पुढच्या पायरीस पोंचतो, असा ढोबळ नियम त्यावरून रूढ झाला. वनस्पतींत हजार भाग शक्ति असेल तर अळीच्या वांट्यास शंभर, लहान माशाच्या दहा, मरळ माशाच्या एक. म्हणूनच तलावांत अळ्या लाखांनीं आणि पाणकावळे बोटांवर मोजण्याइतके. लिंडेमनचा निबंध प्रथम नाकारला गेला होता. तो १९४२ सालीं छापून आला तेव्हां सत्ताविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच त्याला मृत्यूनें गांठलें होतें. नापास होऊन रडणाऱ्या मुलांना आम्ही त्या निबंधाची हकीकत सांगत असूं.

राहिले विघटक. घरांत उष्टींखरकटीं काढणाऱ्या बायांकडे जसें कोणाचें लक्ष नसतें, तसेंच यांचें. मेलेलें पान, मेलेला मासा कुजवून त्याची माती करणारे हे सूक्ष्म जीव नसते, तर उन्हाळ्यांत शेतकरी तलावांतला गाळ गाड्या भरून शेतांत कशाला नेते?

आतां आमची गोष्ट. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका उन्हाळ्यांत आम्हीं वर्गांतील मुलें घेऊन हाच तलाव 'स्वच्छ' केला. कमळाचे वेल, पाण्यांतलें गवत, कांठचा रानधान, सगळें उपटून पाळीवर ढीग घातले. पाणी आरशासारखें दिसूं लागलें. गांवानें नारळ देऊन आमचा सत्कार केला. एक वृद्ध ढीवर मात्र त्या ढिगाजवळ उभे राहून म्हणाले, "गुरुजी, आतां मासोळी अंडीं कोठें घालील?" आम्हीं तें हंसण्यावारी नेलें. 'अधिवास' या शब्दाची व्याख्या आम्हांस मुखोद्गत होती. तो आपणच उपटून उन्हांत वाळत घातला आहे, हें कळलें नाहीं. दोनतीन वर्षांत पानांवरून चालणारा कमळपक्षी दिसेनासा झाला, जाळ्यांत मरळ क्वचितच येऊं लागला, आणि मोकळ्या कांठावर परदेशांतून आलेली बेशरम माजली. त्या वृद्धांची क्षमा मागावयाची राहून गेली. ते आज हयात नाहींत.

पुढें १९९९ सालीं आमच्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी मोरगांवकडे, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानें ढीवरांच्या साह्यानें तलाव सुधारण्याचें काम केलें. त्यांनीं बेशरम काढली, उन्हाळ्यांत पाणी हटलेल्या जमिनींत नांगर घातला, आणि जाणत्या ढीवरांस विचारून देशी पाणवनस्पति लावल्या. लावणीच्या या कामांत ढीवर स्त्रियांचा वांटा मोठा. तलावांत देशी मासे पुन्हां वाढूं लागले. हें ऐकून आमच्या गांवच्या मंडळींनींही गेल्या वर्षीं तलावांत कमळाचे कंद लावले. आम्ही चिखलांत उतरण्याच्या वयाचे राहिलों नाहीं, म्हणून पाळीवर बसून कंद मोजून देण्याचें काम पत्करलें.

त्यांतले निम्मेच जगले. त्यांचीं पानें पाहून नात म्हणाली, "आजोबा, हें सगळें परीक्षेंत लिहिलें तर गुण मिळतील का?" आम्हीं सांगितलें, "आधीं व्याख्या लिही. मग या तलावाचें नांव लिही."