आयुष्यभराचं तेल, पण कुणाच्या आयुष्याचं?

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की इंजिन ऑइलवरून कुणी हुज्जत घालत नाही. ठरलेले किलोमीटर भरले, काळं तेल सोडलं, नवं भरलं, बिल झालं. पण ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधल्या तेलाचं विचारून बघा. बऱ्याच ठिकाणी सर्व्हिस ॲडव्हायझर मान हलवतो: "ते लाइफटाइम असतं सर, उघडायचंच नाही." ग्राहकाचा खर्च वाचतो, वर्कशॉपची कटकट वाचते. वाचत नाही तो गिअरबॉक्स.

जर्मनीतल्या फ्रिडरिक्सहाफेनची झेडएफ ही कंपनी बीएमडब्ल्यू, जग्वार अशा अनेकांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवून देते. हे गिअरबॉक्स बसवलेल्या गाड्या विकताना 'लाइफटाइम तेल' हा मंत्र वर्षानुवर्षं ऐकवला गेला. खुद्द झेडएफ मात्र सांगते की साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला, आणि गाडी रेमटवत असाल तर त्याआधीच. बनवणारा एक म्हणतो, विकणारा दुसरं. मी बनवणाऱ्याचं ऐकतो. विकणाऱ्याचा हिशेब न कळण्याजोगा नाही. देखभालीचा खर्च कमी दाखवता आला की गाडी खपते, आणि त्याच्या लेखी गाडीचं आयुष्य वॉरंटीबरोबर, फार तर पहिल्या मालकाबरोबर संपतं. दीड लाख किलोमीटरनंतर धक्के देत गिअर बदलणारी गाडी तोवर दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मालकाच्या दारात गेलेली असते.

मुळात या तेलाकडे नुसतं वंगण म्हणून पाहणं चूक आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पायाने दाबायचा क्लच नसतो. समोरासमोर पात्यांची दोन चक्रं असतात. एक चक्र तेल भिरकावतं, त्या झोताने दुसरं फिरतं. म्हणजे गाडी निघते ती तेलाच्या जोरावर. तेच तेल पुढे दाबाखाली व्हॉल्व्ह बॉडीच्या चिंचोळ्या वाटांतून जातं, आतल्या क्लच प्लेटा आवळतं, सैल सोडतं, आणि गिअर बदलतो. शिवाय दात्यांचं वंगण आणि उष्णता बाहेर काढणं, ही कामंही त्याचीच. यात खरी गोम घर्षणाची आहे. तेल जास्त निसरडं झालं तर प्लेटा घसरतात, कमी झालं तर गाडी हिसका देते. हा तोल सांभाळायला तेलात खास रसायनं घालतात. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे काम चक्क स्पर्म व्हेलच्या तेलाकडून करून घेत. देवमाशाला कायद्याचं संरक्षण मिळालं, ते तेल बंद झालं, आणि तितकाच चांगला पर्याय शोधताना तेल कंपन्यांच्या नाकी नऊ आले.

अशी नाजूक रसायनं उष्णतेने मरतात. प्लेटांच्या अस्तराचा भुगा तेलात मिसळतो, लोखंडी कीस तळाच्या ऑइल पॅनमधल्या चुंबकांना चिकटतो, फिल्टर तुंबतो. सोलेनॉइड अडकू लागतात, दाब घटतो, प्लेटा घसरतात, घसरल्या की आणखी तापतात. या टप्प्यावर मालक वर्कशॉपला जातो आणि "असेंब्लीच बदलावी लागेल" हे ऐकून घरी येतो. पुष्कळदा व्हॉल्व्ह बॉडी साफ करून किंवा एखादा सोलेनॉइड बदलून भागतं. पण तेवढी उघडझाप करणारा मिस्त्री मिळायला हवा, आणि त्याला कंपनीची माहितीही मिळायला हवी.

ओनर्स मॅन्युअलची मागची पानं कुणी वाचत नाही, पण मेख तिथेच असते. देखभालीची दोन वेळापत्रकं असतात, एक सर्वसाधारण वापराचं आणि एक खडतर वापराचं. खडतर म्हणजे काय? धूळ, घाट, कडक ऊन, सतत थांबत-थांबत चालणं. घोडबंदर रस्त्यावरची संध्याकाळ किंवा सुट्टीच्या दिवशीचा खंडाळ्याचा घाट यांत न बसवता येणारा एकही शब्द त्या यादीत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक गाड्यांनी दुसरं वेळापत्रक पाळायला हवं. ते काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही.

आता गॅरेजांतला लाडका समज: जुनं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो. हे का वाटतं तेही उघड आहे. लोक तेल बदलायला येतात तेच गाडी घसरायला लागल्यावर. प्लेटा आधीच संपलेल्या असतात, बोल नव्या तेलाला लागतो. मात्र यंत्र लावून जोराने फ्लश करण्यापेक्षा तेल सोडून पुन्हा भरणं मला बरं वाटतं. एका वेळी निम्मंही तेल निघत नाही, बाकीचं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून थोडं चालवून हेच पुन्हा करायचं.

तेल मात्र नेमकं तेच हवं. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर "ऑटोमॅटिकचं द्या" म्हणालात तर लाल रंगाचा डबा पुढे येईल. तो सीव्हीटीत, म्हणजे पट्टा-पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, ओतलात तर पोलादी पट्टा पुलीवर घसरून दोन्ही खराब होतील. पातळीचंही तसंच आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आल्यावर, बाजूचा बोल्ट उघडून ती बघावी लागते. एएमटीवाल्यांचा गिअरबॉक्स साध्या मॅन्युअलचाच, त्यामुळे त्याचं तेल वेगळं. मॅन्युअलमध्येही जिथे जीएल-४ सांगितलंय तिथे 'भारी' म्हणून जीएल-५ घालू नये, सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांना ते मानवत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. वाहनंही त्यात येतात. तिथे प्रत्येक गाडीमागे चार गोष्टी सक्तीने छापायला लावा: गिअरबॉक्सच्या तेलाचा दर्जा, ते किती लागतं, पातळी कोणत्या तापमानाला बघायची, आणि खडतर वापरात ते कधी बदलायचं. 'लाइफटाइम' लिहायचंच असेल तर पुढे किलोमीटरचा आकडा लिहा.

तोवर सेकंडहँड ऑटोमॅटिक घेणाऱ्याने सर्व्हिस रेकॉर्डमध्ये गिअरबॉक्स ऑइलची नोंद शोधावी. नसेल तर तेल, फिल्टर आणि गॅस्केटचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करावी. आणि चाचणी नुसती सोसायटीभोवती एक चक्कर मारून घेऊ नये. अर्धा तास रहदारीत चालवावी, गिअरबॉक्स नीट तापू द्यावा. थंडपणी लपलेली घसर तेल गरम होऊन पातळ झाल्यावरच कळते.