बैलाची तपासणी होते, मग खेळाडूची का नाही?

अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. या अटींपैकी एक अशी की, बैल धावण्यास तंदुरुस्त असल्याचे पशुवैद्यकाने तपासून सांगितले पाहिजे. ही अट योग्यच आहे. मुक्या जनावराचे हाल कोणालाच नकोत. परंतु आमचा सवाल असा आहे की, याच जिल्ह्यात कबड्डीच्या मैदानावर उतरणाऱ्या पोराचा गुडघा कोण तपासतो?

काही दिवसांपूर्वी एक शेतमजूर कोर्टाच्या कामासाठी आमच्याकडे आले. सोबत बारावीत शिकणारा मुलगा होता, वय 17. तो पाय ओढत चालत होता. कबड्डीच्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी त्याचा गुडघा मुरगळला. कोणीतरी स्प्रे मारला, गरम पट्टी आवळली आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चढाईला गेला. आता लिगामेंट तुटले आहे. आम्ही विचारले, तुला कोणी थांबवले नाही का? तो म्हणाला, "साहेब, मीच म्हनलं खेयतो म्हून. बसलो असतो त सर्टिफिकेट गेलं असतं."

जखमी खेळाडूला खेळू द्यावे की नाही, या प्रश्नाचे सारे मर्म त्या पोराच्या उत्तरात आहे. आयोजक म्हणतात, तो स्वतःहून उतरला. प्रशिक्षक म्हणतात, त्याने दुखते असे सांगितलेच नाही. म्हणजे संमती त्याची, दुखणे त्याचे आणि ढाल मात्र संघाची!

कायदा संमतीबद्दल काय म्हणतो? जुन्या दंडसंहितेचे कलम 87 आज भारतीय न्याय संहितेत कलम 25 आहे. खेळात नियमाने खेळताना होणाऱ्या इजेला खेळाडूची संमती गृहीत धरण्याची सोय त्यात आहे. परंतु ही संमती 18 वर्षांवरील व्यक्तीची असावी लागते. शालेय स्पर्धा तर 14, 17 आणि 19 वर्षांखालील मुलांच्या असतात. तेव्हा "तोच म्हणाला खेळतो" हा बचाव बहुतेक शाळकरी पोरांच्या बाबतीत लंगडा आहे.

आमच्या पोरांसमोर आदर्श कोणते ठेवले जातात? 2002 साली अँटिग्वा येथे तुटलेल्या जबड्याला पट्टी बांधून अनिल कुंबळे यांनी गोलंदाजी केली. जुलै 2025 मध्ये मँचेस्टर येथे पायाचे हाड मोडलेले असताना ऋषभ पंत पुन्हा फलंदाजीला आला. या जिद्दीला आम्हीही सलाम करतो. परंतु त्यांच्यामागे मंडळाचे डॉक्टर, फिजिओ, करार आणि उपचाराचा खर्च होता, हे सांगायला आम्ही विसरतो. ज्याच्या बापाला एमआरआयसाठी उसनवारी करावी लागते, त्याने तीच जिद्द दाखवली तर त्याला शौर्य म्हणायचे की नाइलाज?

उपाय नाही असे नाही. अकोल्यात शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत मुष्टियुद्ध शिकविले जाते. मुष्टियुद्ध हा ठोशांचा खेळ, परंतु त्यात लढतीपूर्वी डॉक्टर तपासतो, रिंगणाजवळचा डॉक्टर लढत थांबवू शकतो आणि डोक्याच्या माराने खेळाडू बाद झाला तर किमान 30 दिवस त्याला विश्रांती सक्तीची असते. क्रिकेटमध्येही 2019 पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूऐवजी दुसरा खेळाडू घेता येतो. कारण पहिल्या माराने सुजलेल्या मेंदूला दुसरा मार जीवघेणा ठरू शकतो, हे वैद्यकशास्त्राने सांगितले आहे. मग पकडीत डोके जमिनीवर आदळलेल्या कबड्डीपटूला पाणी पाजून पुन्हा का उभे केले जाते?

काही जण म्हणतील, सज्ञान माणसाला आपल्या शरीराचा निर्णय घेऊ द्या. तत्त्व आम्हाला मान्य आहे. पण बाबासाहेबांनी 1947 साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये हाच प्रश्न विचारला होता की, उपाशी आणि बेकार माणसासमोर नोकरी आणि हक्क यांतून एक निवडण्याची वेळ आली, तर तो काय निवडेल? राज्यघटनेचे कलम 39 हेच सांगते की, आर्थिक गरजेपोटी नागरिकाला आपल्या ताकदीला न झेपणाऱ्या कामात शिरावे लागू नये. खेळाडूंसाठी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. भूमिहीन घरातल्या पोरासाठी कबड्डी ही करमणूक नाही, ती फौज, पोलीस आणि सरकारी नोकरीची शिडी आहे. शिडी सुटेल या धास्तीने दिलेली संमती स्वतंत्र कशी?

म्हणून नुसती बंदी घालून भागणार नाही. बंदी घातली तर पोरगा दुखणे लपवेल. आमची मागणी स्पष्ट आहे. डोके, मान आणि पाठीच्या कण्याला मार लागला असेल तर कोणालाही, आणि 18 वर्षांखालील मुलाला कोणत्याही गंभीर दुखापतीत, डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय मैदानात उतरवू नये. हा अधिकार प्रशिक्षकाचा किंवा आयोजकाचा नसावा. सज्ञान खेळाडूने इतर दुखापतीत ठरवावे, पण धोका समजावून घेतल्यावर. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संघात निवड झालेला खेळाडू डॉक्टरच्या सांगण्यावरून बसला तर त्याचे प्रमाणपत्र, गुण आणि संघातील जागा कायम राहावी. बक्षिसाच्या रकमेतून आधी विमा आणि उपचाराचा खर्च बाजूला काढल्याशिवाय कोणत्याही खुल्या सामन्याला परवानगी मिळू नये.

अमरावतीत 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. त्याच्या पथकाने 1936 साली बर्लिनपर्यंत जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. शरीर कमावण्याची एवढी जुनी परंपरा असलेल्या या मुलुखाने कमावलेले शरीर सांभाळण्याचा नियमही घालून द्यावा. आमच्याकडे आलेल्या त्या पोराला अजून पन्नास-साठ वर्षे त्याच गुडघ्यावर उभे राहायचे आहे. एका सर्टिफिकेटसाठी त्याला तो गुडघा गहाण ठेवावा लागू नये.